ध्येय-प्लॅनर: कामाची पानं किती, खोगीरभरती किती

मुंबईत दादर पश्चिमेला, फोर्टात किंवा क्रॉफर्ड मार्केटलगतच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर स्टेशनरी घ्यायला गेलं की डायऱ्यांच्या शेजारी आता 'गोल प्लॅनर'ची ('गोल' म्हणजे ध्येय) वेगळी फळी दिसते. पुठ्ठ्याची कडक बांधणी, तारखा न छापलेल्या, १३ आठवड्यांचा म्हणजे ९१ दिवसांचा मजकूर, एक रिबीन, मागे एक खिसा. किंमत साधारण चारशेपासून हजारापर्यंत. कंपन्या बऱ्याच असल्या तरी आतली मांडणी एकमेकींवरून उचलल्यासारखी सारखी असते. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, त्या मांडणीचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. दोनशे पानांपैकी तीस-पस्तीस पानं खरोखर कामाची असतात: ध्येयाची तीन-चार, आठवड्याच्या नियोजनाची तेरा, आढाव्याची तेरा आणि महिन्याची थोडी. उरलेली बरीचशी पानं किंमत वाढवण्यासाठी असतात. तरीही काहींनी हा प्लॅनर घ्यावा. कोणी आणि का, ते पुढे येईल.

कागद, बांधणी, पिशवी

आकार बहुधा ए-५, १४८ बाय २१० मिलिमीटर. २०० पानं म्हणजे १०० कागद. कागद १०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम) असेल तर नुसत्या कागदाचं वजन ३१० ग्रॅमच्या आसपास, त्यावर पुठ्ठा. डबा, बाटली आणि छत्री असलेल्या पिशवीत हे ओझं कळतं. बदलापूरहून किंवा विरारहून रोज उभ्याने येणाऱ्या माणसाने हा प्लॅनर घरीच ठेवावा. गाडीत लिहीन हा बेत सुरुवातीच्या स्टेशनावर बसायला जागा मिळणाऱ्यांनीच करावा. बाकीच्यांनी दिवसाची तीन कामं एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर उतरवून खिशात टाकावीत आणि रात्री त्यावरून प्लॅनरमध्ये खूण करावी.

७० ते ८० जीएसएमच्या कागदावर ०.५ चा जेल पेन चालतो, शाईचं पेन मागे उमटतं. पण नुसत्या जीएसएमच्या आकड्यावर विसंबू नका. कागदावरची प्रक्रिया नीट नसेल तर जाड कागदावरही शाई पसरते. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात स्वतःच्या पेनाने दोन शब्द लिहून पाहणं हीच खरी चाचणी. गुळगुळीत, चकचकीत पानं दिसायला भारी वाटतात, पण जुलैच्या दमट हवेत त्यांवर जेलची शाई वाळायला वेळ लागतो आणि तळहाताखाली पुसटते. पावसाळ्यात साधा बॉलपेन वापरलेला बरा.

बांधणी दोऱ्याने शिवलेली हवी. प्लॅनर मधोमध उघडून काउंटरवर ठेवा. आपोआप मिटला तर तो नुसत्या गोंदावर चिकटवलेला आहे. अशा प्लॅनरात आतल्या बाजूच्या रकान्यात लिहिता येत नाही आणि दोन महिन्यांत पानं सुटू लागतात. तारेची बांधणी सपाट उघडते, पण गर्दीत पिशवी दबली की तार वाकते आणि मग पान उलटताना फाटतं.

एक गोष्ट मात्र मराठीत लिहिणाऱ्यांनीच पाहायची. या प्लॅनरच्या ओळी बहुधा ५–६ मिलिमीटरच्या असतात, रोमन लिपीच्या हिशेबाने. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे 'पूर्णवेळ नोकरीच्या मुलाखतीची तयारी' एवढंच लिहिलं तरी दोन ओळी एकमेकींत घुसतात. ८ मिलिमीटरची ओळ असेल तर आराम. ठिपक्यांची पानं असतील तर दोन-दोन ठिपके धरून लिहिता येतं, म्हणून मराठीसाठी ठिपकेवाला प्लॅनर जास्त सोयीचा.

प्रस्तावना

पहिली सहा-आठ पानं स्फूर्तीची. त्यांत हमखास भेटणारी गोष्ट अशी: येल विद्यापीठातून १९५३ साली बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी फक्त ३ टक्क्यांनी ध्येयं कागदावर लिहिली होती आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्र संपत्तीहून जास्त निघाली. असा अभ्यास झालेलाच नाही. विद्यापीठाने स्वतः शोधूनही तो सापडला नाही, तरी गोष्ट छापली जातेच.

दुसरी लाडकी गोष्ट २१ दिवसांत सवय लागण्याची. तिचं मूळ प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० सालच्या एका निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, एवढंच ते होतं. 'कमीत कमी' हे दोन शब्द वाटेत कुठेतरी गळले. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा अंदाज १८ ते २५४ दिवस असा फिरला. २१ चौकोनांचा तक्ता छापलेला प्लॅनर घेतला तर २२ व्या दिवशी सवय न लागल्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

ध्येय नेमकं आणि थोडं अवघड असावं याला मात्र भक्कम आधार आहे. एडविन लॉक यांनी १९६८ पासून आणि पुढे गॅरी लॅथम यांच्याबरोबर दाखवलं की 'होईल तेवढं चांगलं करा' म्हणण्यापेक्षा ठरलेला आकडा दिल्यावर माणसं जास्त काम करतात. प्रस्तावनेत एवढं एक पान पुरलं असतं.

स्वप्नफलक आणि जीवनचक्र

चित्रं चिकटवण्यासाठी चार-चार कोरी पानं. समुद्र दिसणारा फ्लॅट, गाडी, पासपोर्ट. गाब्रिएले ओटिंगेन यांच्या संशोधनात उलटंच दिसलं: यशाची नुसती गोड कल्पना रंगवणाऱ्या पदवीधरांनी नोकरीसाठी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. उपयोग होतो तो इच्छेच्या शेजारी अडथळा मांडल्यावर. ही पानं मधोमध उभी रेघ मारून दुभागा, डावीकडे काय हवं आणि उजवीकडे आड काय येईल ते लिहा, म्हणजे फुकट जाणार नाहीत. आयुष्याच्या आठ बाजूंना गुण देण्याचं आठ फाकांचं जीवनचक्र एकदा भरा, दहा मिनिटं, आणि पुढे चला.

ध्येयाचं पान

इथे 'स्मार्ट'ची पाच अक्षरं असतात, जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली व्यवस्थापकांसाठी सुचवलेली: ध्येय नेमकं, मोजता येणारं, कोणी करायचं ते ठरलेलं, शक्यतेतलं आणि मुदतीचं असावं. चौकट चांगली आहे, पण प्लॅनरवाले तिथे दहा ध्येयांसाठी जागा ठेवतात आणि पहिला घोळ तिथूनच सुरू होतो.

आठवड्याचे तास १६८. झोप ४९, नोकरी रोज ९ तास सहा दिवस म्हणजे ५४, प्रवास रोज अडीच तास म्हणजे १५, आंघोळ-जेवण-घरकाम रोज तीन तास म्हणजे २१. उरले २९. त्यात आजारी आई, मुलांचा अभ्यास, लग्नकार्य, गॅस सिलिंडरची वाट पाहणं हे सगळं. निम्मे हाती लागले तरी पुष्कळ, म्हणजे चौदा-पंधरा तास. एका गंभीर ध्येयाला आठवड्याला चार-पाच तास लागतात. म्हणून तीन ध्येयं ही कमाल मर्यादा आणि दोन शहाणपणाची. उरलेल्या सात जागांवर आडवी रेघ मारून टाका.

पान कसं भरायचं याचा एक नमुना घेऊ. 'सरकारी नोकरी मिळवायची' हे ध्येय म्हणून लिहू नये, कारण जाहिरात कधी निघेल आणि जागा किती असतील हे लिहिणाऱ्याच्या हातात नाही. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो (इंग्रजीचा ४०), आणि ते प्रमाणपत्र हातात असणं ही गोष्ट बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. म्हणून ओळ अशी: '१३ व्या आठवड्याच्या शनिवारी, न थांबता, मिनिटाला ३० शब्द.' त्याखाली आजचा वेग, समजा १२. त्याखाली सरावाचा हिशेब: आठवड्यातून पाच दिवस, रोज ४० मिनिटं, म्हणजे ६५ बैठका आणि ४३ तास २० मिनिटं. त्याखाली टप्पे: चौथ्या आठवड्याला १८, आठव्याला २४, बाराव्याला ३०, तेरावा आठवडा राखीव.

टप्पे समान अंतरावर ठेवायचे की नाही ते कामावर ठरतं. टंकलेखनात मधल्या आठवड्यांत वेग अडून राहतो, कारण वेग वाढवताना चुका वाढतात आणि चुका कमी करताना वेग पडतो. म्हणून वेग आणि चुका असे दोन आकडे लिहायचे. परीक्षेत कीबोर्डची कोणती मांडणी आहे ते पहिल्याच दिवशी पक्कं करा. चुकीच्या मांडणीवर बोटं बसली तर तेरा आठवडे जातात आणि ती सवय मोडायला आणखी तेरा. छापील पानावर 'ही माहिती कुठून पक्की करायची' असा रकाना नसतो. तो हाताने आखा.

रोजचं पान

सकाळी सहा ते रात्री दहा असे तासातासाचे रकाने, पाण्याचे आठ ग्लास, पाच चेहरे (हसऱ्यापासून रडव्यापर्यंत), कृतज्ञतेच्या तीन ओळी, आजचा सुविचार. प्लॅनर अर्धवट सुटतो तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि सुटतो तो याच पानामुळे. रोज वीस मिनिटं भरायला लागणारं पान कोणी तीन महिने भरत नाही. दोन दिवस कोरे गेले की तिसऱ्या दिवशी उघडायची लाज वाटते.

यातल्या तीनच जागा वापरा: आजची तीन कामं, ती कधी-कुठे करणार, आणि रात्री एक खूण. 'कधी-कुठे' सर्वांत महत्त्वाचं. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडलेली 'अमुक झालं की तमुक करीन' ही पद्धत इथे बसते. 'सराव करणे' लिहिलं की ते दिवसभर लोंबकळतं. 'रात्रीची भांडी आवरली की त्याच टेबलावर ४० मिनिटं' लिहिलं की त्याला खुंटी मिळते. खुंटी घड्याळाची नको, घटनेची हवी. मुंबईत संध्याकाळी साडेसात ही वेळ गाडीच्या मर्जीवर असते, घरी पोचून चहा झाला की हा क्षण मात्र येतोच.

तारखा छापलेल्या नाहीत याचा फायदा घ्या. दिवस चुकला तर पान कोरं सोडू नका, त्याच पानावर दुसऱ्या दिवसाची तारीख घाला. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नव्हता. सवयीच्या महिन्याच्या तक्त्यात ३१ चौकोनांपैकी २३ भरायचे असं आधीच लिहून ठेवलं तर साखळी तुटण्याचा बाऊ राहत नाही.

आठवड्याचा आढावा

पैसे वसूल होतात ते इथे. आणि नेमकं हेच पान बहुतेक प्लॅनरांत अर्धं असतं. उरलेल्या अर्ध्यावर एक मोठा सुविचार.

करायचं काय: रविवारी २५ मिनिटं. आधी आकडे: ठरवलेल्या बैठका किती, झालेल्या किती. पाच पैकी तीन. मग न झालेल्या दोन्हींची कारणं एकेक ओळीत. एक बंधन घाला: 'वेळ मिळाला नाही' असं लिहायचं नाही. त्या ४० मिनिटांत प्रत्यक्षात काय चाललं होतं ते लिहायचं. 'मंगळवारी जेवणानंतर फोनवर रील.' 'गुरुवारी साडेनऊला घरी पोचलो.' मग प्रत्येक कारणापुढे एक अक्षर. 'मा' म्हणजे माझ्या हातातलं, 'अं' म्हणजे अंदाज चुकला, 'बा' म्हणजे बाहेरचं.

'अं' खूप निघतात. कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला 'प्लॅनिंग फॅलसी' (नियोजनातला भ्रम) हे नाव दिलं. उपाय मनाने जोर लावण्याचा नाही, गेल्या तीन आठवड्यांची स्वतःची सरासरी काढण्याचा आहे. तीन आठवडे पाचपैकी तीनच बैठका होत असतील तर चौथ्या आठवड्याला तीनच लिहा आणि शेवटची तारीख पुढे ढकला. पाच लिहीत राहिलात तर प्लॅनर दर रविवारी नापास करतो आणि माणूस प्लॅनर बंद करतो.

'बा'वर नजर ठेवा, कारण नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोय याच रकान्यात आहे. पण तो रकाना काढूनही टाकू नका. कित्येक प्लॅनरांच्या पहिल्या पानावर 'तुमच्या यशाला १०० टक्के तुम्हीच जबाबदार' असं ठळक छापलेलं असतं आणि खाली सहीसाठी रेघ. हे चुकीचं आहे आणि कधीकधी क्रूरही. कंपनीने विभागच बंद केला किंवा घरात कोणी रुग्णालयात दाखल झालं, तर त्या आठवड्याच्या शून्य बैठका 'बा'च आहेत. मानसशास्त्रज्ञ जूलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये नियंत्रणाचं केंद्र आत की बाहेर, म्हणजे घडणाऱ्या गोष्टी आपल्यामुळे घडतात की बाहेरच्या कारणांनी असं माणूस मानतो, अशी विभागणी मांडली. ती पट्टी आहे, दोन खोके नाहीत.

मग जबाबदारी कुठे सुरू होते? तेच 'बा' तिसऱ्यांदा आलं की. रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल काही तास बंद ठेवणं) बाहेरचा खरा, पण रेल्वे तो आधी जाहीर करते. रविवारी सकाळी कल्याणहून दादरच्या क्लासला जायचं ठरवून चारपैकी तीन रविवार वाया गेले, तर तिसऱ्या वेळी ते कारण 'अं'मध्ये टाका आणि क्लास शनिवारी हलवा. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच कळवते. गणपती, महिनाअखेरचं काम, मुलांच्या सहामाही परीक्षा कुणालाही अचानक येत नाहीत. तेरा आठवड्यांचा आराखडा करतानाच असे आठवडे शोधून त्यांत बैठका निम्म्या करा. पाऊस आपल्या हातात नसतो, पावसाचा आठवडा हलका ठेवणं आपल्या हातात असतं.

शेवटी एकच बदल पुढच्या आठवड्यासाठी. तीन बदल लिहिले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

जे नसतं

स्वतःशी करार करण्याचं पान जवळपास सगळ्यांत असतं, पण ते दाखवायचं कुणाला याची जागा नसते. जोडीदाराला दाखवू नका, तो विषय रविवारच्या जेवणात येतो. साहेबाला तर नकोच. वेगळ्या खात्यातला सहकारी किंवा जुना वर्गमित्र ठीक. रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दोन आकडे, ठरवलेल्या आणि झालेल्या बैठका. कारणं पाठवायची नाहीत; कारणं पाठवली की समजूत घालणं सुरू होतं आणि आकडा बाजूला राहतो.

९१ व्या दिवसानंतर पुढच्या तिमाहीत काय न्यायचं याचं पान क्वचित असतं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवून तिथे सरासरी बैठका, सर्वांत जास्त आलेलं अक्षर आणि चुकलेले अंदाज उतरवा.

घ्यावा कोणी

छापील चौकट समोर असल्याशिवाय लिहिणं सुरूच होत नाही अशांनी, आणि पहिली तिमाही शिकण्यासाठी म्हणून, एकदा घ्यावा. भेट द्यायला घेऊ नका. दुसऱ्याने दिलेला प्लॅनर टेबलावर सुबक दिसतो, भरला जात नाही. दुसरी प्रत घेण्याची गरज सहसा पडत नाही. साध्या वहीत ध्येयाची ४ पानं, १३ आठवड्यांची प्रत्येकी दोन म्हणजे २६, आणि तीन महिन्यांची ३, अशी ३३ पानं एका तिमाहीला पुरतात. वर्षाची १३२. दोनशे पानी वहीत वर्ष बसतं, वर कच्च्या हिशेबाला जागा, आणि ती शंभर रुपयांच्या आत येते. फोनमधलं कॅलेंडर आठवण करून द्यायला उत्तम, पण आढाव्यासाठी फोन उघडला की माणूस दुसरीकडेच जातो.

१ जानेवारीची वाट पाहू नका. परीक्षेच्या किंवा मुदतीच्या तारखेपासून तेरा आठवडे उलटे मोजा आणि त्या सोमवारी सुरू करा. जमलं तर दिवाळीचा आठवडा मध्ये न येईल असं बघा. दुकानात प्लास्टिकचं वेष्टन फोडू देत नसतील तर नमुना प्रत मागा. सुविचार न वाचता थेट आठवड्याच्या आढाव्याचं पान उघडा. कारणं लिहायला अर्ध्या पानाहून कमी जागा दिसली तर प्रत परत ठेवा आणि खालच्या फळीवरची दोनशे पानी वही मागा.